बँकॉकच्या बोअरला लगाम कसा लागला

खोल बोअरचं लोखंडी केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, दीड-दोनशे मीटर खालच्या वाळूत रोवलेलं असतं आणि वरचं तोंड जमिनीबरोबर ठेवून भोवती सिमेंटचा ओटा बांधतात. बँकॉकच्या पूर्वेकडच्या उपनगरांत अशी जुनी केसिंग काही वर्षांत जमिनीतून वर आल्यासारखी दिसायला लागली. ओट्याखाली हात जाईल एवढी पोकळी, शेजारच्या फुटपाथला उतार. पाइप अर्थातच जागचा हलला नव्हता. भोवतालची जमीन खाली गेली होती. इमारतींचंही तसंच. पायलिंगवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांवर, उभ्या असलेल्या इमारती रस्त्याच्या मानाने उंच राहिल्या, दाराशी एकेक पायरी वाढत गेली, आणि इमारत व रस्ता यांच्या सांध्यावर पाण्याच्या नि ड्रेनेजच्या नळ्या तुटू लागल्या.

शहरांच्या भूजलावर लिहिताना बँकॉकचं उदाहरण बहुधा खचणाऱ्या शहराचं म्हणून येतं. मला त्याच्या उत्तरार्धात जास्त रस आहे. या शहराने उपसा खरोखरच कमी करून दाखवला आणि भूजलाची पातळी वर आणली. ते कसं घडलं याचा हिशेब नीट मांडला, तर आपल्याकडच्या भूजल धोरणात उलट्या क्रमाने काय चाललंय तेही दिसतं. आधी नळ पोचला, मग विहिरीचं पाणी नळापेक्षा महाग केलं गेलं, आणि त्यानंतरच पंप थांबले. कायदा या सगळ्याच्या वीस वर्षं आधीपासून होता.

जमिनीपासून सुरुवात करू. बँकॉक चाओ फ्राया नदीच्या मुखाजवळच्या सपाट गाळावर वसलंय. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची बहुतेक ठिकाणी जेमतेम मीटर-दीड मीटर. सगळ्यात वर पंधरा-वीस मीटर मऊ, काळपट सागरी चिकणमाती. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या रामा राजाने वात साकेत या बौद्ध मंदिराच्या आवारात प्रचंड स्तूप बांधायला घेतला आणि तो या मातीत खचून कोसळला. आज पर्यटक ज्याला सुवर्णगिरी म्हणून चढतात, ती टेकडी त्या ढिगाऱ्यावरच उभी आहे. म्हणजे ही माती किती भार सोसते, हे शहराला बोअर मारण्याच्या फार आधी कळलं होतं.

या मातीखाली साडेपाचशे मीटरपर्यंत वाळू-खडीचे थर आणि चिकणमातीचे थर एकाआड एक रचलेले आहेत. पाणी धरणाऱ्या थरांची, म्हणजे जलधरांची, संख्या आठ आणि प्रत्येकाला नाव आहे: बँकॉक, फ्रा प्रदाएंग, नाखोन लुआंग, नोंथाबुरी, साम खोक, फाया थाई, थोनबुरी, पाक नाम. सर्वांत वरच्या थराचं पाणी खारट, म्हणून त्याला फारसं कोणी विचारत नाही. खरी झुंबड उडाली ती शंभर ते अडीचशे मीटरच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जलधरावर. नाखोन लुआंग हा त्यातला सगळ्यांचा लाडका.

हे पाणी दाबाखाली होतं. सुरुवातीच्या काळात बोअर घेतला की पाणी जवळजवळ जमिनीपर्यंत आपोआप चढे. उपसा वाढला तसा दाब उतरला. वाळूचे कण एकमेकांना भिडलेले असतात, त्यांना फारसा फरक पडत नाही. मधली चिकणमाती मात्र पाण्याच्या दाबावरच फुगून राहिलेली असते. दाब गेला की तिच्यातलं पाणी हळूहळू वाळूत झिरपतं आणि वरच्या भाराने ती आक्रसते. फडक्यात टांगून ठेवलेल्या दह्याचा चक्का झाला की त्यावर कितीही पाणी ओता, त्याचं पुन्हा दही होत नाही; इथेही तेच. भूजलाची पातळी परत येते, जमिनीची उंची येत नाही. बँकॉकच्या मैदानासाठी अभ्यासकांनी काढलेलं प्रमाण असं: उपसलेल्या दर दहा घनमीटर पाण्यामागे पृष्ठभागावरची सुमारे एक घनमीटर जमीन गेली. धोरण ठरवणाऱ्याच्या टेबलावर याच्याइतका उपयोगी आकडा दुसरा नसेल, कारण तो विहिरीच्या मालकाचा फायदा आणि शहराचं नुकसान एका ओळीत आणून ठेवतो.

शहराला नळाचं पाणी 1914पासून आहे. उत्तरेकडून नदीचं गोडं पाणी कालव्याने आणून सामसेनच्या केंद्रात शुद्ध करायचं, अशी ती योजना. पण दुसऱ्या महायुद्धानंतर शहर ज्या वेगाने पसरलं, त्याला ती पुरी पडेना. 1954च्या सुमारास सरकारी पाणीपुरवठ्यानेच खोल विहिरींचा आधार घेतला. सुरुवात दिवसाला जेमतेम आठ हजार घनमीटरची. नवी वसाहत आली, तिथे मुख्य जलवाहिनी नाही, मग एक बोअर आणि एक उंच टाकी. हे चित्र पुण्याजवळच्या वाघोली किंवा बावधनच्या माणसाला समजावून सांगायला नको. कारखान्यांनी तोच मार्ग धरला. भूजलाचं तापमान बाराही महिने सारखं, गढूळपणा नाही, आणि मुख्य म्हणजे पुरवठा आपल्या हातात. कापड रंगवणाऱ्याला याहून काय हवं? 1980च्या सुरुवातीला उपसा दिवसाला दहा लाख घनमीटरच्या पलीकडे गेला होता.

जमीन खचत असल्याची शंका 1960च्या दशकाअखेरीस अभ्यासकांनी बोलून दाखवली होती. पुरावा मिळाला 1978 ते 1981 या काळात एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने केलेल्या मोजणीतून. वेगवेगळ्या खोलीवर दांड्या रोवून कोणता थर किती आक्रसतोय ते स्वतंत्र मोजलं गेलं. हे महत्त्वाचं, कारण तोवर 'वरची माती मऊच आहे, इमारतींच्या वजनाने बसते' असं म्हणून वेळ मारून नेता येत होती. दांड्यांनी दाखवलं की आक्रसणं खोलवरही चालू आहे, जिथे इमारतींचं वजन पोचत नाही पण पंपाचा परिणाम पोचतो. पूर्वेकडच्या हुआ माक, बांग कापी भागांत जमीन वर्षाला दहा सेंटीमीटरहून अधिक वेगाने खाली जात होती. मीटर-दीड मीटर उंचीवर बसलेल्या शहरात हा वेग म्हणजे काय, हे 1983च्या पुराने सांगितलं. पूर्व बँकॉकमध्ये पाणी काही महिने साचून राहिलं, कारण ते वाहून जायला उतारच उरला नव्हता.

आता कायद्याकडे येऊ. थायलंडचा भूजल कायदा 1977चा. बोअर घ्यायला परवाना, पाणी काढायला परवाना, खोलीवर नियंत्रण, सगळं त्यात आहे. 1983मध्ये बँकॉक आणि आसपासचे भाग संकटग्रस्त क्षेत्र म्हणून जाहीर झाले. पाणीपुरवठा प्राधिकरणाने स्वतःच्या विहिरी टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतल्या. 1985पासून खाजगी उपशावर शुल्क आलं, घनमीटरला एक बाट (बाट हे थायलंडचं चलन). कागदावर बघितलं तर कायदा, क्षेत्रबंदी, सरकारी उपशात कपात आणि शुल्क अशी चारही हत्यारं 1985पर्यंत परजून तयार होती.

आणि उपसा वाढत राहिला. मध्य शहरात सरकारी विहिरी बंद झाल्या तिथे पातळी थोडी सावरली, जमीन खचण्याचा वेग उतरला. पण भूजलाच्या पातळीत पडलेला खड्डा सरकला तो बाहेरच्या बाजूला. दक्षिणेला सामुत प्राकान, नैऋत्येला सामुत साखोन, उत्तरेला पाथुम थानी, जिथे जिथे कारखाने आणि नव्या वसाहती गेल्या तिथे तिथे बोअर गेले. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात एकूण उपसा दिवसाला वीस लाख घनमीटर ओलांडून गेला. आपल्या भाषेत दोनशे कोटी लिटर, म्हणजे पुणे महापालिका खडकवासला साखळीतून रोज उचलते त्याहूनही जास्त. सामुत साखोनच्या बाजूला भूजलाची पातळी साठ मीटरच्या खाली उतरली. समुद्राजवळच्या पट्ट्यात गोड्या पाण्याच्या थरांत खारं पाणी सरकू लागलं.

कायदा ढिला होता म्हणून असं झालं, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. चोरटे बोअर होते, मीटर नसलेले पंप होते, हे खरंच आहे. पण कारखानदाराच्या खुर्चीत बसून पाहा. समजा, रोज हजार घनमीटर पाणी लागतं. एक बाट दराने महिन्याचं शुल्क तीस हजार बाट, अधिक पंपाचं वीजबिल. नळाचं पाणी घ्यायचं तर दर त्याच्या कितीतरी पट, आणि मुख्य म्हणजे गेटपर्यंत जलवाहिनीच आलेली नाही. अशा माणसाचा परवाना कोणता अधिकारी रद्द करील? कारखाना बंद करायची जबाबदारी कोण घेईल? नळ नाही तिथे बोअरबंदी म्हणजे माणसाला तहानलेलं राहा असं सांगणं, आणि असा हुकूम कुठलंच प्रशासन फार काळ राबवू शकत नाही. म्हणून परवाने मिळत राहिले. यात मला कोणाचा नाकर्तेपणा कमी आणि क्रमाची चूक जास्त दिसते.

क्रम सुधारला तो नळ पोचल्यामुळे. बांग खेनचं मोठं शुद्धीकरण केंद्र 1979चं, तेच पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं गेलं. पण चाओ फ्राया एकटी किती पुरणार? पश्चिमेच्या मे क्लोंग नदीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांब कालव्याने महासावात केंद्रात आणलं गेलं आणि थोनबुरीच्या बाजूचा पुरवठा 1990च्या दशकात त्याच्यावर उभा राहिला. महानगर प्राधिकरणाच्या हद्दीबाहेरच्या प्रांतांत, म्हणजे नेमकं जिथे कारखाने सरकले होते तिथे, प्रांतिक पाणीपुरवठा प्राधिकरणाने खाजगी कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले. आधी पाथुम थानीत आणि मग 2004मध्ये नाखोन पाथोम-सामुत साखोनच्या पट्ट्यात ता चीन नदीचं शुद्ध केलेलं पाणी मोठ्या प्रमाणावर यायला लागलं. ठोक पाणी कंपनीने बनवायचं, प्राधिकरणाने ठरलेलं किमान प्रमाण विकत घ्यायचंच, असा तो व्यवहार.

या 'घ्यायचंच'कडे जरा लक्ष द्या. किमान खरेदीचं बंधन असल्यावर सरकारी यंत्रणेला ते पाणी खपवण्याची गरज निर्माण होते. कारखाने बोअरवर राहिले तर पैसे भरलेलं पाणी नळात पडून राहणार. म्हणजे बोअर महाग व्हावा यात आता पर्यावरणवाल्यांबरोबर खुद्द पाणीपुरवठा खात्याचाही जीव अडकला. करारांच्या अटींवर टीका होऊ शकते, आणि पाण्यात खाजगी नफा असावा का हा वाद रास्तच आहे. पण एक सरकारी खातं भूजल वाचवू बघतं आणि दुसऱ्याला त्यात काडीचा रस नसतो, ही जी नेहमीची रड असते ती इथे मिटली.

मग दर. 1985चा एक बाट 1994मध्ये साडेतीन झाला. 2000नंतर तो पायरी-पायरीने चढवत 2003पर्यंत साडेआठवर नेला. त्यावर 2004पासून संकटग्रस्त क्षेत्रासाठी वेगळं भूजल संवर्धन शुल्क लावलं. तेही एक बाटपासून सुरू होऊन 2006पर्यंत साडेआठवर आलं. दोन्ही मिळून सतरा बाट. आपला तो हजार घनमीटरवाला कारखानदार तीस हजारांवरून महिन्याला पाच लाख दहा हजार बाटवर आला, आणि आता नळ गेटशी होता. बोअरच्या बाजूने बोलायला त्याच्याकडे काही उरलं नाही. शुल्क एका रात्रीत सतरावर नेलं असतं तर आरडाओरड होऊन मागे घ्यावं लागलं असतं. आधी जाहीर करून चढवलेल्या पायऱ्यांमुळे कारखान्यांना जोडणी घ्यायला, टाक्या बांधायला, पाण्याचा फेरवापर बसवायला वेळ मिळाला.

मधल्या काळात आणखी दोन गोष्टी झाल्या. 2002मध्ये भूजलासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. त्याआधी हे काम खनिज संपत्ती विभागाच्या एका कोपऱ्यात होतं. आणि 2003च्या कायदा दुरुस्तीने भूजल विकास निधी तयार झाला, म्हणजे शुल्काचा काही भाग सरकारी तिजोरीत विरून न जाता अभ्यास आणि संवर्धनाकडे वळला. निरीक्षण विहिरींचं जाळं चालवायला दरवर्षी अर्थखात्याकडे हात पसरायचा नसेल, तर मोजणीत खंड पडत नाही.

उपसा दशकभरात निम्म्याच्या आसपास उतरला. 1997च्या आर्थिक कोसळण्याने कारखानेच मंदावले होते, तो वाटाही यात धरायला हवा. सगळं श्रेय दराला देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण अर्थव्यवस्था सावरली तेव्हा उपसा तिच्यामागोमाग पूर्वीच्या उंचीवर गेला नाही, हे दर आणि नळ यांचं काम. भूजल पातळी अनेक ठिकाणी कित्येक मीटर वर आली आणि शहराच्या बहुतेक भागात जमीन खचण्याचा वेग वर्षाला एक-दोन सेंटीमीटर किंवा त्याहून कमी झाला. बाहेरच्या काही औद्योगिक पट्ट्यांत तो अजून यापेक्षा जास्त आहे.

गेलेली उंची गेलीच. काही ठिकाणी ती मीटरभराहून जास्त आहे. शहराभोवती बांध, शेकडो पंपिंग स्टेशनं, पाणी पोटात घेऊन नदीत सोडणारे बोगदे, हा सगळा खर्च बँकॉक आता कायम करत राहणार. 1970च्या दशकातला एक बाटसुद्धा न भरता उपसलेला घनमीटर खरा कितीला पडला, याचं उत्तर त्या पंपांच्या वीजबिलात आहे.

पातळी वर येण्याचेही त्रास असतात, याची कल्पना फार थोड्या नियोजकांना असते. भूजल खोल असताना बांधलेली तळघरं आणि भुयारी स्थानकं पाणी वर आलं की खालून उचलली जायला लागतात. टोकियोत हे आधी घडलंय. तिथे 1950-60च्या दशकांतल्या कायद्यांनी उपसा थांबवल्यावर पाणी इतकं चढलं की उएनोचं भुयारी स्थानक वर ढकललं जाऊ नये म्हणून आत लोखंडी वजनं ठेवावी लागली आणि जमिनीत अँकर ठोकावे लागले. बँकॉकच्या अभियंत्यांनी हा धोका वेळीच हिशेबात घेतला. वाळूच्या थरात टेकलेल्या पाइल्सची भार पेलण्याची ताकदही पाण्याचा दाब वाढला की थोडी घटते. म्हणून उपसा शून्यावर आणायचा नाही, पातळी एका पट्ट्यात धरून ठेवायची, असा विचार तिथे मांडला गेला. टिकाऊ वापर म्हणतात तो हाच, आणि त्यासाठी परवाने, मीटर, निरीक्षण विहिरी सगळं कायम चालू ठेवावं लागतं.

आपल्याकडे काय? महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009चा, अंमल 2014पासून. अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. म्हणजे आपण साधारण 1985च्या बँकॉकच्या जागी आहोत. पुण्याच्या हद्दीत 2017 आणि 2021मध्ये आलेल्या गावांत इमारतींना परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेण्याची रीत आहे: महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. ती सोय बोअर आणि टँकर यांचीच असते, आणि टँकर भरतो तोही कुठल्यातरी विहिरीवरच. अशा ठिकाणी दर लावला तर तो फ्लॅटच्या मेंटेनन्समध्ये मिसळून जाईल, उपसा थेंबानेही घटणार नाही.

आपला बेसॉल्ट खडक खचत नाही, हे आपलं नशीब आणि अडचणही. बँकॉकला ओट्याखालची पोकळी दिसली, दारापुढची पायरी मोजता आली, संसदेत दाखवायला आकडा मिळाला. आपल्याकडे तीनशे फुटांचा बोअर आटला की शेजारी पाचशेचा घेतात आणि गोष्ट सोसायटीच्या सभेत मिटते. आपल्या खडकाच्या भेगांत पाणी मावतंच किती थोडं, त्यामुळे तो एका पावसात भरतो आणि एका उन्हाळ्यात रिकामा होतो. बँकॉकचे थर भरायला दशकं लागली. म्हणूनच त्यांचे सतरा बाट जसेच्या तसे इथे आणून चालणार नाही. इथला दर लावलाच तर तो ऋतूप्रमाणे बदलणारा हवा, दिवाळीनंतर कमी आणि होळीनंतर जास्त, आणि जलवाहिनी खरोखर पोचली आहे त्याच वॉर्डात.

बँकॉकची आजची डोकेदुखी नदीकडून आली आहे. सगळा भार पृष्ठभागावरच्या पाण्यावर टाकला, आणि 2020च्या सुरुवातीला दुष्काळात चाओ फ्रायाचा प्रवाह इतका रोडावला की समुद्राचं पाणी भरतीबरोबर थेट सामलेच्या उपसा केंद्रापर्यंत चढलं. शहराच्या नळाला खारट पाणी आलं. किडनीच्या रुग्णांना नळाचं पाणी टाळायला सांगावं लागलं, भरतीच्या वेळी केंद्रातला उपसा थांबवावा लागला, मे क्लोंगचं पाणी वळवून क्षार खाली रेटावे लागले. त्याच वेळी शहराखालच्या जलधरांत गेल्या वीस वर्षांत साठलेलं गोडं पाणी होतं. दुष्काळातल्या काही आठवड्यांपुरते ते उपसायला तांत्रिक अडचण मोठी नाही. पण अशा वेळी कोणाच्या विहिरी चालू करायच्या, किती आठवडे, आणि पाऊस लागल्यावर ते पंप बंद करायला कोण जाणार, हे आधी कागदावर ठरलेलं नसेल तर सतरा बाटची सगळी मेहनत एका उन्हाळ्यात वाया जाऊ शकते.